निवृत्त प्राध्यापकांकडून विद्यापीठाचे येणे

निवृत्तीच्या दिवशी महाविद्यालयात एक कागद हातात पडतो. त्याला सगळे ‘नो ड्यूज’ म्हणतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, लेखा विभाग, परीक्षा विभाग अशी एकाखाली एक नावे असतात आणि प्रत्येक विभागाने सही करून कळवायचे असते की, या माणसाकडून आमचे काही येणे नाही. सहा वर्षांपूर्वी तो कागद घेऊन मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत हिंडलो. ग्रंथालयात एका शब्दकोशाचा दुसरा खंड माझ्या नावावर निघाला. तो कुणाला वाचायला दिला हे काही केल्या आठवेना, म्हणून त्याची किंमत भरली, पावती घेतली आणि सही मिळवली. संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाचा फोन आला, ‘‘सर, कपाट रितें करूंक जाय.’’ म्हणजे कपाट रिकामे करायला हवे.

कपाटात ३१ वर्षांची टाचणे होती, जुने हजेरीपट होते, शिवाय दोऱ्याने बांधलेले कागदांचे गठ्ठे होते. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी दर जूनमध्ये एक काम देत असे: घरात बोलले जाणारे पण पाठ्यपुस्तकात कधीच न भेटलेले दहा शब्द अर्थासह लिहून आणायचे. सत्तरी तालुक्यातली मुले कुमेरीचे (डोंगरावरच्या फिरत्या शेतीचे) आणि कुळागराचे (पोफळी-माडांच्या बागेचे) शब्द आणत, मांडवीकाठची मुले खाजनाचे (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेताचे), मानशीचे (त्या बांधातल्या पाण्याच्या दाराचे) आणि मीठआगराचे, तर सांगे-केपेकडची मुले खाणीवरचे. कुणी आजीकडून विचारून आणलेले असत, कुणी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेले. त्यांतून पुढे काहीतरी करायचे असे मी दरवर्षी ठरवत होतो. त्या दिवशी घाई होती, नव्या प्राध्यापकाला कपाट हवे होते, घरात जागा नव्हती. गठ्ठे रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने गेले. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. मात्र एका हरवलेल्या शब्दकोशासाठी मला पैसे भरायला लावणाऱ्या त्या कागदावर, या गठ्ठ्यांविषयी विचारणारी एकही ओळ नव्हती.

विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापकाकडून खरे येणे असते ते त्याने काय पाहिले, काय ठरवले, काय टाळले आणि कुठे चुकला याच्या हिशेबाचे. गोव्यात हा हिशेब कुणी मागत नाही आणि आम्हीही आपण होऊन देत नाही. तो मागितला गेला पाहिजे, रीतसर आणि सवडीने मागितला गेला पाहिजे, आणि तो देणे हा सन्मान स्वीकारण्याचा नव्हे, तर नोकरीचाच शेवटचा भाग मानला पाहिजे, असे माझे मत आहे.

हा प्रश्न इतरत्रही आहे, पण गोव्यात तो अधिक निकडीचा आहे. येथे उच्च शिक्षणाची सगळी आधुनिक उभारणी एकाच माणसाच्या आयुष्यात मावते. मुक्तीपूर्वी गोव्यात शाळेच्या पुढचे शिक्षण म्हणजे मुख्यतः १८४२ साली सुरू झालेली पणजीची वैद्यकीय शाळा. इतरांनी लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, संपवून पोर्तुगालची वाट धरायची किंवा मॅट्रिक होऊन मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड गाठायचे. १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय निघाले, १९६३ मध्ये म्हापशाला सेंट झेवियर, १९६४ मध्ये नुवेंला मुलींसाठी कार्मेल. ही सगळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती आणि पदव्युत्तर वर्ग चालत ते मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील केंद्रात. १९८४ च्या कायद्याने गोवा विद्यापीठ स्थापन झाले, १ जून १९८५ पासून त्याचा कारभार सुरू झाला आणि पुढे ताळगावच्या पठारावर त्याच्या इमारती उभ्या राहिल्या. कर्नाटकातून आलेले इतिहासकार शेख अली हे पहिले कुलगुरू. १९६२ साली पंचविशीत रुजू झालेला अध्यापक आज हयात असेल तर नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे, आणि १९८५ साली विद्यापीठाच्या पहिल्या फळीत असलेलेही केव्हाच निवृत्त झालेले आहेत. मुंबईचा अभ्यासक्रम बाजूला सारून गोव्याचा पहिला अभ्यासक्रम करताना कोणती पुस्तके का घेतली, कोणती का गाळली, कुणाचा आग्रह चालला आणि कुणाचा चालला नाही, हे या लोकांखेरीज कुणालाच ठाऊक नाही. अभ्यास मंडळाच्या इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चेनंतर संमत’ एवढेच लिहिलेले असते. ती चर्चा काय झाली, तेच तर हवे आहे.

यावर कुणी म्हणेल की, आठवणी तर भरपूर लिहिल्या जातात. जातात, आणि त्यांचा साचाही ठरलेला असतो. लहानपणीची गरिबी, गावच्या मराठी शाळेतले एक मास्तर, नदी ओलांडून केलेला प्रवास, पहिल्या नेमणुकीचे पत्र, मोठ्या गुरूंचे आशीर्वाद, नामवंत झालेल्या चार विद्यार्थ्यांची नावे, पत्नीचे किंवा पतीचे ऋण. गौरवग्रंथात यजमानाचा दोष काढणे शिष्टसंमत नाही आणि सत्काराच्या भाषणात तर तो काढूच नये. हे मी हिणवण्यासाठी लिहीत नाही. माझ्या निरोपाच्या भाषणातही यापेक्षा वेगळे काही नव्हते, आणि टाळ्याही त्याच जागी पडल्या. पण असे पंचवीस लेख वाचले तरी गोव्याच्या एखाद्या महाविद्यालयात १९७५ साली वर्गात नक्की काय घडत होते, हे कळत नाही.

जे कळायला हवे त्यातली एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेचा प्रश्न पेटला. डिसेंबर १९८६ मध्ये हिंसाचार झाला, माणसे दगावली. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा आला, देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या शासकीय वापराची तरतूद झाली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. हा इतिहास मोर्चे, पुढारी आणि विधानसभा यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. पण त्या दोन वर्षांत अध्यापक कक्षात काय झाले? मी तेव्हा तासिकेवर शिकवत होतो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत होतो. जी माणसे आधी एका डब्यातले जेवत होती, ती दोन टेबलांवर बसू लागली. एकमेकांशी कोकणीतच बोलत होती, भांडण मात्र मराठी असावी की नसावी याचे होते. आमच्याकडे ही नेहमीची गंमत आहे आणि बाहेरच्याला ती समजावून सांगता येत नाही. एका ज्येष्ठ सरांनी त्या वर्षी एका विद्यार्थ्याचा निबंध दोनदा तपासला, कारण पहिल्यांदा दिलेले गुण त्याच्या मताला दिले की भाषेला याची त्यांना स्वतःलाच खात्री वाटेना. ही गोष्ट त्यांनी मला चहा पिताना सांगितली. जाहीरपणे ती त्यांनी कधीच सांगितली नाही, आणि आता ते नाहीत.

त्या काळातल्या दोन्ही बाजूंच्या अध्यापकांपैकी बरेच जण आज वृद्ध आहेत. मराठीच्या आणि कोकणीच्या वर्गांत मुलांची विभागणी कशी झाली, संदर्भग्रंथ विकत घेताना कुणी कुणाची यादी अडवली, परीक्षक नेमताना काय पाहिले गेले, मैत्री कुठे टिकली आणि का टिकली, हे त्यांनी सांगितले तर पुढच्या पिढीला त्या वादाचे खरे रूप दिसेल. आज तरुण अध्यापकांना दोन्ही बाजूंच्या घोषणा वारशाने मिळाल्या आहेत. त्या घोषणांच्या मागे माणसे काय करत होती, ते मात्र मिळालेले नाही. त्याआधीच्या, विद्यार्थ्यांना बसचे तिकीट अर्धे व्हावे म्हणून झालेल्या १९७८-७९ च्या अर्ध्या तिकिटाच्या आंदोलनाचेही तेच. मी तेव्हा विद्यार्थी होतो आणि रस्त्यावर होतो. त्या दिवसांत हजेरीपटावर आमच्या नावापुढे काय लिहायचे याचा निर्णय कुणीतरी घेतला असणार. विद्यार्थी नेत्यांच्या आठवणी आहेत, हजेरीपट भरणाऱ्यांच्या नाहीत.

दुसरे उदाहरण भूशास्त्राचे. गोव्यात हा विषय शिकणाऱ्या मुलाला खाणीवर नोकरी मिळण्याची आशा असे आणि ती मिळतही असे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले, आणि मधल्या काळात पर्यावरणवाले एका बाजूला, खाण अवलंबित दुसऱ्या बाजूला अशी उभी फूट पडली. या सगळ्यात, डोंगर कसा कापला जातो आणि पावसाळ्यात त्याची माती शेतात कशी उतरते हे क्षेत्रभेटीत मुलांना घेऊन वर्षानुवर्षे प्रत्यक्ष पाहणाऱ्या अध्यापकांचा आवाज अगदी क्षीण होता. त्यांना काय दिसले होते, ते त्यांनी कुठे नोंदवले, आपल्याच विद्यार्थ्यांच्या पोटाचा प्रश्न असताना ते कितपत बोलू शकत होते? हे विचारताना मला त्यांच्यावर आरोप करायचा नाही. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही गप्प बसलो असतो. पण ते गप्प का राहिले याचे प्रामाणिक उत्तर हे गोव्याच्या सार्वजनिक जीवनाविषयीचे एक महत्त्वाचे ज्ञान आहे, आणि ते कोणत्याही शोधनिबंधात सापडणार नाही.

प्रबंध आता सापडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर ते ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर ठेवणे सुरू झाले आणि गोवा विद्यापीठाचे प्रबंधही घरबसल्या वाचता येतात, ही मोठीच सोय झाली. २०१० पासून अध्यापकाच्या प्रत्येक कामाला गुण देण्याची पद्धतही आली. त्यामुळे गेल्या दीड दशकातल्या अध्यापकाने किती निबंध छापले याचा पक्का हिशेब कागदावर आहे. निवृत्तांच्या पिढीने गुणांपूर्वीचे आणि गुणांनंतरचे असे दोन्ही काळ पाहिले. आधीच्या काळात गोव्यातला मराठीचा अध्यापक जे चांगले लिहीत असे ते ‘गोमन्तक’ किंवा ‘नवप्रभा’च्या रविवारच्या पुरवणीत: एखाद्या नव्या संग्रहाचे परीक्षण, एखाद्या देवळातल्या काल्याची नोंद, एखाद्या जुन्या दशावताऱ्यावरचा मृत्युलेख. ते हजारो लोक वाचत. गुणांच्या तक्त्यात त्याची किंमत जवळजवळ शून्य झाली. मग तेच अध्यापक कुणीही न वाचणाऱ्या मासिकांत, कधी पदरचे पैसे देऊन, निबंध छापू लागले. माझेही दोन आहेत; ते मी घरातसुद्धा कुणाला दाखवत नाही. या बदलात काय मिळाले आणि काय गेले याचा निवाडा आमच्याच पिढीने करायचा आहे, आणि आम्ही मात्र तो निवृत्तांच्या गप्पांवर सोडून दिला आहे.

आणखी एक विषय आम्ही हमखास टाळतो. प्रत्येक निवृत्त प्राध्यापकाला आपले नावारूपाला आलेले विद्यार्थी पाठ असतात. गळालेले आठवत नाहीत. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि त्या शाळांतून आलेली, घरात पहिल्यांदाच शिकणारी मुले सत्तरच्या दशकात महाविद्यालयांच्या दारात आली. त्यांच्यापुढे उभे राहिलेले अध्यापक बहुतांश वेगळ्या घरांतले, वेगळ्या जातींतले, आणि शिकवणे इंग्रजीत. पहिल्या सत्रानंतर मागच्या बाकावरची काही मुले दिसेनाशी होत. का झाली, कुणी विचारले का? माझ्या स्वतःच्या वर्गात १९९३ साली पेडण्याकडचा एक मुलगा होता. त्याच्या उच्चारावर मी एकदा सगळ्या वर्गासमोर बोट ठेवले, विनोदाने. वर्ग हसला. पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. कदाचित घरची काही अडचण असेल, कदाचित नोकरी लागली असेल. मी चौकशी केली नाही, एवढे मात्र खरे आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा की, म्हातारपणीची आठवण भरवशाची नसते. माणूस स्वतःला उजळवून घेतो, आणि ‘आमच्या वेळी’ने सुरू झालेले वाक्य कुठे जाऊन थांबेल हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. हे मान्य आहे. म्हणूनच नुसते ‘आठवणी सांगा’ म्हणून भागणार नाही. विचारणाऱ्याने त्या काळचे अभ्यासक्रम, निकाल, इतिवृत्ते, वर्तमानपत्रे आधी वाचून यायला हवे आणि सांगणाऱ्याच्या पुढ्यात ठेवायला हवीत. कागद आणि आठवण यांत फरक पडला तर तो फरकही नोंदवावा. गोमंतकात ही दृष्टी नवी नाही. पांडुरंग पिसुर्लेकरांनी दीर्घकाळ गोव्याचे पुराभिलेख सांभाळले. आपल्या इतिहासलेखनाखेरीज कोणते दप्तर कुठे आहे आणि त्यात काय सापडेल याची वाट दाखवणारा मार्गदर्शक ग्रंथही त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. मागून येणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून केलेले ते काम होते. आणि प्रांजळपणाचा दाखला हवा असेल, तर साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ मराठीतच आहे. बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घर सोडल्याची गोष्ट ते त्यात झाकत नाहीत. पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणाऱ्या या पंडिताला स्वतःविषयी इतके उघड लिहिता आले. आपल्याला निदान एका अभ्यासक्रमाविषयी तरी लिहिता यावे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो तरुणांचा आहे. सेट-नेट झालेली, पीएचडी झालेली मुले वर्षानुवर्षे ‘लेक्चर बेसिस’वर शिकवत आहेत, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही याची खात्री नाही. त्यांच्यापुढे निवृत्तांना पुन्हा आणून बसवायचे, त्यांच्यावर पैसे खर्च करायचे, हे अन्यायाचे नाही काय? निवृत्तांना पुन्हा पद देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने निवृत्त अध्यापकांसाठी देशभरात १०० जागांची, महिना ५०,००० रुपयांची अधिछात्रवृत्ती जाहीर केली. ती संशोधन चालू ठेवणाऱ्यांसाठी आहे आणि तेवढ्यापुरती ठीक आहे. मी म्हणतो त्या कामात निवृत्ताला मानधनाची गरज नाही, त्याला निवृत्तिवेतन मिळते. मानधन मिळावे ते विचारणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, ध्वनिमुद्रण उतरवून काढणाऱ्याला आणि संदर्भ तपासणाऱ्याला, म्हणजे त्याच लेक्चर बेसिसवरच्या तरुणांना, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा त्यांच्या हातात एक पैसा नसतो. त्यातून त्यांना आपल्या विषयाचा या भूमीतला पूर्वेतिहास कळेल, जो कोणत्याही पेपरमध्ये शिकवला जात नाही.

हे काम निवृत्तीच्या दिवशी करता येत नाही. त्या दिवशी माणूस हळवा असतो आणि घाईत असतो. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या सत्रात अध्यापकाचे दोन तास कमी करावेत आणि त्या वेळात कपाटातल्या कागदांची निवड करून घ्यावी: काय विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे, काय पणजीतल्या पाटोच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात, काय खरोखरच रद्दीत. मुलाखत मात्र वर्षादोन वर्षांनी घ्यावी, राग आणि कृतज्ञता दोन्ही जरा निवल्यावर. ती मराठीत, कोकणीत, इंग्रजीत, ज्या भाषेत माणूस खरे बोलतो त्या भाषेत व्हावी. जे आधीच ऐंशी पार करून गेले आहेत त्यांच्याकडे तर या पावसाळ्याच्या आतच जायला हवे.

आणि मग येतो गोव्याचा म्हणून खास असलेला प्रश्न. २०११ च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणजे येथे कुणाविषयीही काही बोलले तर ते संध्याकाळपर्यंत त्याच्या मेहुण्याच्या कानावर जाते. गेल्या महिन्यात मी एका जुन्या सहकाऱ्याकडे हा विषय काढला. विज्ञान शाखेतले, अत्यंत काटेकोर, अनेक समित्यांवर राहिलेले. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘तुमचे सगळे पटते. पण मी खरे बोलायचे तर नावे घ्यावी लागतील, आणि माझी सून त्याच संस्थेत अजून अठरा वर्षे नोकरी करणार आहे.’’ या उत्तराला माझ्याकडे एकच तोडगा आहे: सांगणाऱ्याने सांगावे आणि मुदतही त्यानेच घालावी, वीस वर्षे म्हणा, तीस म्हणा, तोवर पाकीट सीलबंद राहील. अभिलेखागारांना अशी मुदत नवी नाही.

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि बराच वेळ हिशेब केला. सुनेची अठरा वर्षे, नातीचे कॉलेज, त्यात आणखी काही. शेवटी म्हणाले, पस्तीस वर्षांची मुदत मिळणार असेल तर ते फक्त एका निवड समितीविषयी बोलतील, बाकी कशाविषयी नाही; आणि ध्वनिमुद्रण करायला येणारा त्यांच्या विभागाचा विद्यार्थी नसावा. मी त्यांना हो म्हटले आहे. पस्तीस वर्षे ते पाकीट सांभाळायला कोण तयार होईल, याची चौकशी करायला मी येत्या सोमवारी पणजीला जाणार आहे.